डाउनलोड नेमकं अडतं कुठे?

प्रश्न : घरी वायफाय आहे, यूट्यूब छान चालतं. पण स्टीमवर गेम उतरवायला लावला की ‘कंटेंट सर्व्हर्स अनरीचेबल’ असं येतं आणि सगळं थांबतं. स्टोअरचं पान मात्र उघडतं. असं का? आणि अर्ध्यावर थांबलेलं डाउनलोड वाया जातं का?
– एक वाचक, झरी जामणी, जि. यवतमाळ

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. वाया जात नाही. स्टीम गेमच्या फायली साधारण एकेक एमबीच्या तुकड्यांत आणतं आणि प्रत्येक तुकडा तपासून घेतं. वीज गेली, लाइन तुटली तरी आलेले तुकडे डिस्कवर राहतात आणि पुढचं काम तिथूनच सुरू होतं. म्हणून वैतागून गेम अनइन्स्टॉल करू नका. आलेला डेटा जातो तो त्यानेच.

स्टोअरचं पान आणि गेमच्या फायली वेगवेगळ्या सर्व्हरवरून येतात. पान उघडलं म्हणजे फायलींची वाटही मोकळी आहे, असं नव्हे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दोनच मिनिटं डाउनलोड चालवा, पॅक संपवू नका. चाललं, तर पीसी बहुधा ठीक आहे. गडबड राउटरमध्ये किंवा लाइनीत.

मग राउटर बंद करून पुन्हा चालू करा आणि स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘डाउनलोड्स’खाली ‘डाउनलोड रीजन’ बदला. नकाशावर तुम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, पैनगंगा ओलांडली की तेलंगणाच. पण डेटा नकाशा पाहून येत नाही. तुमच्या इंटरनेट कंपनीची लाइन कुठून कुठे जोडली आहे, त्यावर ते ठरतं. त्यामुळे मुंबई, हैदराबाद, चेन्नई असं एकेक लावून बघा आणि दर वेळी स्टीम बंद करून उघडा.

हॉटस्पॉटवरही अडलं, तर पीसीची तारीख-वेळ बघा. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. शंभरेक रुपयांच्या आत काम होतं. नंतर फायरवॉलमध्ये स्टीमला परवानगी आहे का ते पाहा, आणि ‘क्लिअर डाउनलोड कॅश’ करा. त्याने गेम पुसले जात नाहीत, फक्त पुन्हा लॉगिन करावं लागतं. पासवर्ड हाताशी ठेवा.

रात्रभर डाउनलोड लावत असाल, तर बुधवारच्या पहाटे आलेल्या एररकडे दुर्लक्ष करा. स्टीमची नेहमीची देखभाल अमेरिकेतल्या मंगळवारी होते, ती आपल्याकडे तेव्हा येते.

लाइनच कमजोर असेल, तर सर्व्हरच्या मागे लागूच नका. वणीत किंवा पांढरकवड्यात एखाद्या मित्राकडे तोच गेम असेल, तर त्याच्या ‘स्टीमअॅप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरमधून गेमचं फोल्डर हार्ड डिस्कवर घ्या, आपल्याकडे त्याच जागी ठेवा आणि ‘इन्स्टॉल’ दाबा. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवा. स्टीम आलेल्या फायली तपासून उरलेलंच उतरवतं. दोन्ही पीसी एकाच वायफायवर असतील, तर २०२३ पासून स्टीममध्येच फायली एकमेकांकडे पाठवायची सोय आहे.