शिरेतून अन्न : द्यावे की थांबावे?



आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आपल्या शुक्रवार पेठेतल्या घरी जातो, तेव्हा दारातच प्रश्न येतो, "चार दिवस पोटात काही नाही. निदान सलाईन तरी लावू का?" कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत माणूस खाईनासा झाला की घरच्यांना वाटते, आपणच त्याला उपाशी मारतो आहोत.

सलाईन हे जेवण नव्हे. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ज्वारीच्या एका भाकरीचेही बळ त्यात नाही. शिरेतून खरे अन्न द्यायचे तर हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते, रक्त वारंवार तपासावे लागते, जंतू जाऊ नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. आतडे निकामी, पण बाकी शरीर तग धरून आहे, अशा रुग्णाला हे घरीही जगवते. मरणपंथाला लागलेल्या देहाला बहुधा ते पेलत नाही. अंग सुजते, छाती भरून धाप लागते. अशा वेळी भूक मरते ती आजारानेच.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २० मार्च २००४ रोजी शिकवले, की नळीतून दिलेले अन्नपाणीसुद्धा तत्त्वतः साधी शुश्रूषाच आहे. ते पोषण करते व वेदना शमवते तोवर देणे आपले कर्तव्य आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत भरवले, जपले. त्या मरणपंथाला लागलेल्या नव्हत्या, हे ध्यानात घ्यावे. शरीर अन्न शोषूच शकत नसेल तर ते थांबवावे, असे 'सामारितानुस बोनुस' या २०२० च्या रोमच्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. ती हत्या नव्हे, पापही नव्हे. निर्णय मात्र डॉक्टरांशी बोलून, आजारी माणसाची इच्छा विचारूनच घ्यावा. (शेजाऱ्यांच्या टोमण्यांवरून नव्हे!)

मग घरच्यांनी काय करावे? ओल्या कापसाने ओठ पुसावेत, गिळता येत असेल तर चमच्याने घोटभर पाणी द्यावे, कूस बदलावी, वेदनेचे औषध वेळेवर द्यावे. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदनात अशीच सेवा चालते.

आणि फादरांना लवकर बोलवा, शुद्ध हरपल्यावर नव्हे. गिळणे जड जात असेल तर ख्रिस्तशरीराचा अगदी लहान कण पाण्याच्या घोटाबरोबर देता येतो. तेही जमत नसेल तर ख्रिस्तरक्ताचा एक थेंब पुरतो. तसे आधी कळवावे, म्हणजे तयारीने येता येईल.