हृदयरोग व झाडपाल्याचें औषध

हृदयरोग्यांपैकीं पुष्कळ जण डॉक्टरांच्या गोळ्या घेत असतां घरीं एखादा काढाही घेतात, आणि ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवून ठेवितात. ते रागावतील ही भीति एक, व पाल्यानें काय अपाय होणार ही समजूत दुसरी. ह्या दुसरीचा आपण विचार करूं.

इंग्लंडांतील श्रॉपशर परगण्यांत एक वृद्ध स्त्री अंगास सूज आलेल्या रोग्यांस गुप्त औषध देत असे. वैद्यांनीं हात टेकिलेले कित्येक त्यानें बरे होत. इ. स. 1775 सालीं तें विल्यम विदरिंग नामक डॉक्टरांच्या पाहण्यांत आलें. त्यांत वीस किंवा अधिक वनस्पति होत्या, परंतु गुण फॉक्सग्लव्ह ह्या एकाच झुडपाचा, असें त्यांनीं ओळखिलें. किती पाला पुरे व किती घातक, ह्याचा अनुभव त्यांनीं दहा वर्षें टिपून 1785 सालीं प्रसिद्ध केला. (त्या बाईचें नांव मात्र त्यांनीं लिहिलें नाहीं, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.) मात्रा वाढली कीं वांत्या होत, पदार्थ पिवळे-हिरवे दिसत, नाडी मंद होई, प्रसंगीं मरणही येई. त्याच जातीच्या दुसऱ्या एका झाडापासून 1930 सालीं डिगॉक्सिन काढण्यांत आलें. तें डॉक्टर आजही देतात. आपल्या कुंपणाच्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बियांतही ह्याच प्रकारचें विष आहे.

ज्येष्ठमध रोज पुष्कळ घेतल्यास शरीरांत मीठ व पाणी सांठतें, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटतें. डिगॉक्सिन घेणाऱ्याच्या हृदयाचे ठोके त्यामुळें बिघडूं शकतात. रक्त गोठूं न देणारी वॉर्फरिन चालू असतां लसणाचा अर्क घेतल्यास रक्तस्रावाचें भय वाढतें. भाजींतील लसणाची गोष्ट निराळी. अर्जुनसादड्याची साल आयुर्वेदांत फार जुनी आहे. तिजविषयीं लहान लहान प्रयोगही झाले आहेत. परंतु गोळ्या सोडून तिजवरच विसंबावें, एवढा आधार त्यांत नाहीं.

उपदेशक बंधूंनीं रोग्याच्या भेटीस गेल्यावर काढ्याविषयीं रागें न भरतां विचारावें, व ती पुडी गोळ्यांसह दवाखान्यांत दाखवावयास सांगावें. छातींत कळ येऊन घाम सुटला व श्वास कोंडला, तर कोणताही काढा उकळीत बसूं नये. 108 ह्या क्रमांकावर तत्काळ गाडी बोलवावी.