सूक्ष्मतंत्राचे धुरीण

प्रश्न : सूक्ष्मतंत्रज्ञानाच्या कंपनीतील वरिष्ठ मंडळी केवळ इलेक्ट्रॉनिक्सचीच असतात काय? माझी कन्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे.

उत्तर : मुळीच नाही. १९६८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या इंटेलचे दप्तर उघडून पाहिले, तर रॉबर्ट नॉइस हे एम.आय.टी.चे पदार्थविज्ञानाचे डॉक्टर, गॉर्डन मूर हे कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आणि आरंभीच त्यांना येऊन मिळालेले, हंगेरीतून निर्वासित झालेले अँडी ग्रोव्ह हे बर्कलीचे रासायनिक अभियंते, असा प्रकार आढळतो. यात रसायनाचा संबंध कसा येतो, ते पाहा : सिलिकॉनच्या चकतीवर वाढविलेल्या ऑक्साइडच्या पातळ थरात सोडियमचे लेशमात्र आयन शिरले, तरी ट्रान्झिस्टरचे वर्तन अस्थिर होते. आणि या व्याधीचा छडा लावण्याचे जे काम ग्रोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेअरचाइल्ड या अर्धवाहकांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत साठीच्या दशकात केले, ते बव्हंशी रसायनाचेच होते. इंटेलचे हे तिघेही त्याच फेअरचाइल्डमधून आलेले. तो पूर्वानुभव, माझ्या मते, पदवीहून मोलाचा ठरला. कारभाराची हातोटी ग्रोव्ह कामावरच शिकले, व १९८७ साली इंटेलचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. आपल्या कन्येने विषय बदलू नये. मात्र अर्धवाहकांच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हाताने काम करण्याची संधी मिळाल्यास, विद्यावेतन तुटपुंजे असले तरी, ती दवडू नये.