वाचकांचे प्रश्न : पांढरीतला गोठा

प्रश्न : आमचे घर कडा येथे (ता. आष्टी, जि. बीड) जुन्या गावठाणात आहे. घराला लागूनच आजोबांच्या वेळचा गोठा असून त्यात सध्या चार म्हशी, दोन गाई आणि वासरे आहेत. केंद्रावर दूध घालून घरखर्च चालतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या पडक्या जागेवर एका गृहस्थांनी दुमजली घर बांधले. वास, माश्या, डास आणि ‘लंपीसारख्या रोगाचा धोका’ अशी त्यांची तक्रार आहे. आता ग्रामपंचायतीची नोटीस आली आहे की मासिक सभेच्या ठरावाप्रमाणे पंधरा दिवसांत सर्व जनावरे गावाबाहेर न्यावीत. शेत अडीच किलोमीटरवर आहे, तेथे वीज रात्रीची आणि राखणीला माणूस नाही. असा हुकूम ग्रामपंचायतीला करता येतो काय? आणि साठ वर्षांच्या वहिवाटीला काहीच किंमत नाही काय?
— एक वाचक, कडा

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपणांस दिलासा देईल, दुसऱ्याचे देणार नाही, आणि ही दोन उत्तरे एकत्र वाचल्यावाचून आपण वकिलाकडे जाऊ नये, एवढी विनंती आरंभीच करून ठेवतो.

ग्रामपंचायतीचे सर्व अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (पूर्वीचा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम) यातून उगम पावतात. त्याच्या कलम ४५ अन्वये आणि सोबतच्या अनुसूचीप्रमाणे गावची स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य राखणे हे पंचायतीचे कर्तव्य आहे. म्हणून आपल्या गोठ्याची पाहणी करणे, सांडपाणी नालीत सोडू नका, उकिरडा अमुक मुदतीत हलवा असे फर्मावणे, हे सारे तिच्या कक्षेत येते. परंतु घाण दूर करण्याचा अधिकार आणि जनावर दूर करण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. घाण दूर केल्याने काम भागत असताना, पाहणी न करता, पंचनामा न करता, आणि ज्याच्या उदरनिर्वाहावर गदा येणार त्या माणसाची कैफियत ऐकून न घेता, मासिक सभेत हात वर करून सर्व जनावरांना गावाबाहेर घालवणारा ठराव हा नैसर्गिक न्यायाच्या पहिल्याच पायरीवर अडखळतो. असा बेकायदेशीर ठराव तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, हेही लक्षात असू द्यावे.

आपल्या शेजाऱ्यांनी, किंवा त्यांना सल्ला देणाऱ्या कोणी, मुंबई-पुण्याचा दाखला दिला असल्यास तो येथे लागू नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात जनावरे पाळण्यावर निर्बंध आहेत. शिवाय नागरी क्षेत्रांत गुरे पाळणे व त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा, परवान्याची सक्ती करणारा राज्याचा स्वतंत्र कायदा १९७६ साली झाला. तो कायदा शहरांच्या गरजेतून जन्मला आणि शहरांपुरताच आहे. तालुक्याचे ठाणे आष्टी येथे आता नगरपंचायत आहे. आपल्याकडे ग्रामपंचायत आहे, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत घरी गाय-म्हैस बांधण्यास परवाना लागतो असे सांगणारे कलम कोणी दाखविल्यास ते मला अवश्य कळवावे. मुंबईचा दाखला द्यावयाचाच तर तो पुरता द्यावा. तेथील तबेले वस्तीबाहेर काढावयाचे ठरले तेव्हा सरकारने पंधरा दिवसांची नोटीस डकवून हात झटकले नाहीत. गोरेगावला सुमारे तीन हजार एकर जमीन मुक्रर करून १९४९ साली आरे वसाहतीचा उपक्रम हाती घेतला, गोठे बांधले, पाणी आणले, वैरणीची कुरणे राखली, दूध विकत घेण्याची व्यवस्था केली आणि मग म्हशी हलविल्या. इतके करूनही उपनगरांतले पुष्कळसे तबेले जागचे हलले नाहीत, ते निराळे.

तक्रारीतील ‘लंपी’ या कारणाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण तेथे तक्रारदाराच्या आणि ठराव लिहिणाऱ्याच्या मनात भीती व माहिती यांची गल्लत झालेली दिसते. हा रोग गोवंशाला होतो, क्वचित म्हशीला होतो. माणसाला होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची साथ आली तेव्हा जनावरांतील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याखाली सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, गुरांचे बाजार बंद पडले, आणि हुकूम निघाला तो जनावरे हलवू नयेत असा. त्याच रोगाचे नाव घेऊन जनावरे हलवा असा ठराव करणे म्हणजे पूर आला असता नदीकाठी राहावयास जा म्हणण्यासारखे आहे. डासांचेही तसेच. डेंग्यूचा डास शेणात वाढत नाही. तो झाकण नसलेल्या टाकीत, गच्चीवरच्या पिंपात, कूलरच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्या पत्रावरून तरी गच्ची आपल्याकडे नाही.

मात्र माश्यांच्या बाबतीत आपला बचाव टिकणारा नाही. उन्हाळ्यात ताज्या शेणात घातलेल्या अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडती माशी तयार होते. उकिरडा महिना-महिना घरामागे साचत असेल तर तो माश्यांचा कारखानाच होय, आणि त्या माश्या दावणीवरून उडून शेजाऱ्याच्या ताटावर बसतात ही गोष्ट कोणताही दंडाधिकारी पुराव्यावाचून मान्य करील. गोचीड, ओल्या मूत्रात टिकून राहणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू, न उकळलेल्या दुधातून येणारा ब्रुसेलोसिस, हे सारे खरोखरच माणसापर्यंत पोहोचतात. आणि त्यांचा पहिला बळी शेजारी नव्हे, तर धार काढणारा घरचा माणूस ठरतो.

आता वहिवाट. आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीची ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी वाटणी केली ती वस्तीची जागा कोणती व पिकाची कोणती हे सांगण्यासाठी. जनावर मात्र दोन्हीकडचे मानले गेले, दिवसा काळीत राबणारे आणि रात्री पांढरीत धन्याच्या उशापाशी बांधलेले. म्हणून गावठाणातला गोठा हा मुळात अतिक्रमण नव्हे, आणि नमुना ८ च्या उताऱ्यात त्याची नोंद असल्यास आपला मुद्दा बळकट होतो (तो उतारा मालकीचा पुरावा मात्र नव्हे). तथापि साठ वर्षे गोठा असणे वेगळे आणि साठ वर्षे दुसऱ्यास उपद्रव देण्याचा हक्क मिळणे वेगळे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० ने सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करताना असे स्पष्ट केले आहे की त्या कृत्यापासून काही सोय किंवा लाभ होतो या सबबीवर तो क्षम्य ठरत नाही. जुनेपणानेही तो कायदेशीर होत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी दीर्घकाळ मान्य केले आहे.

‘गोठा आधीचा, घर मागाहूनचे, दिसत होते तर तेथे बांधले कशाला?’ हा आपला युक्तिवाद मला मनुष्य म्हणून पटतो, परंतु न्यायालयात तो एकटा उभा राहू शकत नाही. इंग्लंडमध्ये १८७९ साली असाच एक वाद निकाली निघाला. एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या कारखान्यात खलबत्ते चालवीत होता. मागील बाजूस एका डॉक्टराने बागेच्या टोकाला तपासणीची खोली नव्याने बांधली आणि मग त्या धडधडीची तक्रार केली. न्यायालयाने आलेला नवा की जुना हे पाहिले नाही. डॉक्टराच्या बाजूने मनाई हुकूम दिला. पण त्याच निकालात आपल्या उपयोगाचाही एक विचार आहे. लंडनच्या उच्चभ्रू बेलग्रेव्ह चौकात जो उपद्रव ठरेल तो कातडी कमावणाऱ्यांच्या बर्मंडसे भागात ठरेलच असे नाही, अशा आशयाचे न्यायाधीशांचे विवेचन तेव्हापासून आपल्याकडील वकीलही वापरत आले आहेत. मलबार हिलवर म्हशीचे हंबरणे उपद्रव ठरेल. ज्या तालुक्याचा अर्धा व्यवहार दुधावर चालतो तेथे, नगर–बीड रस्त्यावरच्या आणि २०२२ पासून रेल्वेचे स्थानक लाभलेल्या मोठ्या बाजारगावात का होईना, हंबरणे आणि शेणाचा सामान्य वास हा वस्तीचा स्वभाव मानला जाईल. रस्त्यावर वाहणारे मूत्र मात्र मानले जाणार नाही. आपला खटला या दोहोंच्या मधल्या पट्टीवर उभा आहे, आणि ती पट्टी जितकी रुंद आपण कराल तितके आपण सुरक्षित.

म्हणून पंधरा दिवसांची मुदत संपण्यापूर्वी लेखी उत्तर द्यावे व त्याची पोच घ्यावी. उत्तरात ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल, पाहणीचा अहवाल असल्यास त्याची प्रत, आणि कोणत्या कलमाखाली हुकूम केला त्याचा उल्लेख मागावा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा, त्याची मुदत ३० दिवस आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी व पशुधन विकास अधिकारी यांच्याकडून संयुक्त पाहणी करवावी, ही मागणी आपणच करावी. ज्याच्याकडे लपविण्यासारखे काही नाही तोच पाहणी मागतो, असा तिचा बोध होतो. पण त्यासाठी आधी लपविण्यासारखे काही उरू देऊ नये. गोठ्याची जमीन पक्की व उताराची करावी, मूत्र नालीत न सोडता शोषखड्ड्यात किंवा टाकीत घ्यावे, शेण दर तीन-चार दिवसांनी शेतावरच्या खड्ड्यात न्यावे, कडब्याची गंजी शेजाऱ्याच्या खिडकीखाली रचू नये. उकिरडा शेतात आणि जनावर घरी, ही तडजोड बहुतेक अशा वादांत टिकते. गावच्या तंटामुक्ती समितीपुढे ती लेखी करून घेतल्यास न्यायालयाची पायरी बहुधा चढावी लागणार नाही.

पुढेमागे गोठा शेतावर न्यावा असे मनात आल्यास कायदा आड येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या व्याख्येप्रमाणे शेतजमिनीवर गुरांसाठी बांधलेली इमारत ही ‘शेतघर’ या संज्ञेत येते आणि सामान्यतः तिला अकृषिक परवानगी लागत नाही. रोजगार हमीशी जोडलेली शरद पवार ग्रामसमृद्धी योजना २०२१ मध्ये जाहीर झाली तेव्हा दोन ते सहा गुरांच्या पक्क्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपये धरलेले होते. आजचा दर व चालू स्थिती पंचायत समितीत विचारून घ्यावी. राखणीचा आणि रात्रीच्या विजेचा प्रश्न मात्र कोणत्याही योजनेच्या परिपत्रकात सुटलेला मला आढळला नाही.

शेजारी येथेच थांबले नाहीत तर दोन मार्ग त्यांना मोकळे आहेत. घाणीचा त्रास आळीतल्या सर्वसामान्य लोकांना होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुने कलम १३३) कार्यकारी दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतात, आणि तो आदेश दिवाणी न्यायालयात आव्हानित करता येत नाही. तेव्हा तेथे हजर राहून म्हणणे मांडणे टाळू नये. त्रास एकट्या त्यांचाच असेल तर तो खाजगी वाद होय, त्यासाठी दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा. आणि आपले सांडपाणी ज्या उघड्या नालीत जाते ती नाली तुंबलेली असेल तर बोट पंचायतीकडेही वळते : मध्य प्रदेशातील रतलामच्या नगरपालिकेने गटारे बांधावयास पैसा नाही अशी सबब सांगितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात ती साफ फेटाळली. जनावरांना गावाबाहेर घालवणारी पंचायत आपली नाली केव्हा उपसते, हे आपल्या उत्तरात विचारण्यास हरकत नाही. सौम्य शब्दांत विचारावे.

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो. समोरचे लोक रस्त्यावरच खुंटे ठोकून आठ-दहा शेळ्या बांधतात, जाता-येता चिखल तुडवावा लागतो. घरमालक म्हणतात, तुम्ही भाडेकरू, तुम्हाला तक्रारीचा हक्क नाही. खरे काय?
— एक गृहिणी, कडा

उत्तर : घरमालकांचे म्हणणे चूक आहे. ताई, रस्ता सर्वांचा आहे. त्याबद्दल तक्रार करणाऱ्यास सातबारा किंवा घराचा उतारा दाखवावा लागत नाही. वरच्या वाचकांची जनावरे स्वतःच्या जागेत आहेत, आपल्या समोरची सार्वजनिक जागेत. कायद्याच्या दृष्टीने सारा फरक येथेच पडतो. रस्त्यावरील अडथळा व अतिक्रमण हटविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने दिलेला आहे, आणि सार्वजनिक मार्गात अडथळा आणणे हा न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे पाच हजार रुपयांपर्यंत दंडाचा अपराध आहे. ग्रामसेवकांकडे साधा अर्ज द्यावा, खुंट्यांचे छायाचित्र जोडावे, शक्य तर गल्लीतल्या आणखी दोघा-तिघींच्या सह्या घ्याव्यात. मात्र अर्जात ‘शेळ्या काढाव्यात’ असे लिहू नये. ‘खुंटे काढावेत’ असे लिहावे. शेळ्या त्यांच्या अंगणात गेल्या तर आपली तक्रार संपली, आणि त्यांच्या पोटापाण्याला हात लागला नाही म्हणून उद्या त्यांच्याच घरून लेकरासाठी पेलाभर दूध मागावयास आपणांस संकोचही वाटणार नाही.