शाळा आणि घर : एकाच मुलाचे दोन आधार



जून महिना आला की आपल्या घरांत धांदल उडते. नवे दप्तर, वह्या, रेनकोट, शाळेची व्हॅन, फी. हे सारे पार पडले की आपण पालक सुटकेचा श्वास सोडतो आणि मनात म्हणतो, 'आता पुढचे शाळा पाहील.' तिकडे शाळेतही पुष्कळदा ऐकू येते, 'घरी कोणी लक्षच देत नाही, आम्ही एकटे काय करणार?' या दोन वाक्यांच्या मध्ये एक लहान मूल उभे असते. आज आपण त्याच्याविषयी विचार करूया.

तिसरीचा उंबरठा

पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून ते वाचून शिकू लागते. गणितातले उदाहरण असो वा परिसर अभ्यासातला धडा, वाचता येत नसेल तर सर्वच विषय अडतात. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. कोरोनानंतर, २०२२ साली, हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर घसरले होते. म्हणजे सुधारणा झाली, पण चारांतली तीन मुले अजून मागेच आहेत.

खासगी शाळेत मूल घातले म्हणजे ही काळजी मिटली असे नाही. इंग्रजी माध्यमातले मूल संपूर्ण धडा घडाघडा म्हणून दाखवते आणि आपण खूश होतो. त्याच धड्यातली मधलीच एखादी ओळ बोट ठेवून वाचायला सांगा. पाठ केलेले आणि वाचलेले यांतला फरक लगेच कळेल. चौथीपर्यंत मुलाला नापास करत नाहीत, त्यामुळे प्रगतिपुस्तकावरून हा अडसर चटकन लक्षात येत नाही. तो वेळीच ओळखायचा तर शिक्षक आणि पालक यांनी एकमेकांशी बोललेच पाहिजे.

अंगणात आलेली शाळा

याबाबतीत आपल्या महाराष्ट्रातच मोठा धडा आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नव्हती. 'आईबापांना शिक्षणाची किंमत नाही' असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी कारण शोधले. आईवडील कामावर जात, मुलांकडे धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम असे. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोहोचले.

आजचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत अवघी ३ मुले उरली होती. शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. शिक्षक आणि गावकरी एकत्र आले, मुले एकमेकांना शिकवू लागली आणि पटसंख्या शंभरापलीकडे गेली. २०२५ साली जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत जनतेच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार या शाळेला मिळाला.

आपल्या मुळशीत

आपला तालुका आता एकसारखा राहिलेला नाही. कोणी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवतात, कोणी पिरंगुटच्या कारखान्यांत शिफ्ट करतात, कोणी हिंजवडीला कामाला जातात, कोणी दूरच्या जिल्ह्यांतून बांधकामावर आले आहेत. लावणीच्या दिवसांत घरात हाताला उसंत नसते. रात्रपाळी करून आलेल्या बापाला सकाळी अकराच्या पालकसभेला जाणे कठीण असते. हे शिक्षकांना ठाऊक असेलच असे नाही. आपण सांगितले तरच कळेल.

मुलाची अर्धी माहिती घराकडे असते आणि अर्धी शाळेकडे. मूल रात्री उशिरा झोपते, त्याला फळ्यावरचे नीट दिसत नाही, घरी आजी वारल्यापासून ते गप्प झाले आहे, हे घर जाणते. ते कोणत्या अक्षराशी अडते, मधल्या सुट्टीत एकटे बसते का, हे शाळा जाणते. हे दोन अर्धे एकत्र आले की उपाय सुचतो.

कायद्यानेही पालकाला जागा दिली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी असतात. खासगी शाळांना राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला आहे. मात्र केवळ सही करून घरी परतलो तर ती जागा रिकामीच राहते.

आपण काय करू शकतो?

१. रोज पंधरा मिनिटे मुलाचे वाचन ऐका. स्वतःला वाचता येत नसले तरी चालेल. मूल अडखळते की सहज वाचते, हे कानाला कळते. वाचून झाल्यावर 'यात काय घडले ते मला सांग' असे म्हणा.

२. शाळा इंग्रजी असली तरी घरी मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोला. स्वतःच्या भाषेत गोष्ट सांगता येणाऱ्या मुलाला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते.

३. भाताची पोती मोजताना, दुकानातले सुटे पैसे परत घेताना मुलाला हिशेब करू द्या.

४. शिक्षकांना भेटाल तेव्हा गुणांपेक्षा तीन गोष्टी विचारा : माझे मूल काय चांगले करते? कुठे अडते? घरी आम्ही कोणती एक गोष्ट करू?

५. मुलासमोर शिक्षकांना नावे ठेवू नका. तक्रार असेल तर ती व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर न टाकता प्रत्यक्ष भेटून बोला.

६. सभेला केवळ आईने जावे असा नियम नाही. वडिलांनीही जावे.

आपल्यात जे शिक्षक-शिक्षिका आहेत, त्यांनाही एक विनंती. तक्रार असली तरच घरी निरोप पाठवू नका. मुलाने काही चांगले केले तेव्हाही पाठवा. 'शाळेतून बोलावणे आले' म्हटल्यावर ज्या आईच्या पोटात गोळा येतो, ती मोकळेपणाने कधीच बोलणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात शिकवले की आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत. शाळा त्यांना साथ देते, त्यांची जागा घेत नाही. ही जबाबदारी फीच्या पावतीबरोबर दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. मात्र ती एकट्याने पेलायचीही नाही.

कुटुंबात चर्चेसाठी

• आपल्या मुलाच्या वर्गशिक्षकांशी आपण शेवटचे केव्हा बोललो?
• या आठवड्यात मुलाचे वाचन कोण ऐकेल आणि कोणत्या वेळी?
• शेजारी एखादे मूल असे आहे का, ज्याचे वाचन ऐकायला घरी कोणीच नाही? त्याला आपल्या मुलासोबत बसवता येईल का?