गाजरगवत : फुलाआधी, मुळासकट

पोरांनो, शेत आता तुम्ही बघणार. बांधावरच्या गाजरगवताबद्दल एवढं ध्यानात असू द्या.

आधी ओळखायला शिका. कोवळं रोप जमिनीला चिकटून पसरतं, पानं हुबेहूब गाजराची. वाढलं की ताठ, रेघारेघांचं, लव असलेलं खोड आणि शेंड्यावर बारीक पांढरी फुलं. कुणी याला काँग्रेस गवतही म्हणतात. मूळचं ते मेक्सिकोकडचं. १९५५च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि देशभर पसरलं. एकेक झाड हजारो बी टाकतं, म्हणून फूल येण्याआधीच हात घाला.

पाऊस पडून जमीन ओली असताना उपटा, मूळ सहज निघतं. विळ्याने नुसतं कापू नका, बुडातून पुन्हा फुटतं.

उघड्या हाताने कधीच धरू नका. याच्यातल्या विषाने कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं. फुलांच्या परागाने शिंका येतात, दम लागतो. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाका-तोंडावर फडकं हवंच. काम झालं की अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. ज्याला एकदा त्रास झाला, त्याने या कामाला जाऊच नये. पापण्या सुजल्या, खाज थांबेना, तर घरगुती लेप लावत बसू नका, दवाखाना गाठा.

फूल नसलेली झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात चालतात. फुललेली मात्र उकिरड्यावर टाकू नका, नाहीतर शेणखतातून बी पुन्हा रानात जाईल. ती पोत्यात भरून न्या आणि खोल गाडा. जनावरांपुढे तर टाकूच नका. पोटात गेलं की दूध कडू होतं.

अंगणात, रस्त्याकडेला लिटरभर पाण्यात दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ विरघळवून फवारलं तर झाड जळतं. पिकाच्या जमिनीत मीठ नको, माती बिघडते.

पावसाळ्यात पांढुरक्या पाठीवर काळपट रेघांचे भुंगे पानं कुरतडताना दिसतील. ते मेक्सिकन भुंगे, मुद्दाम आणून सोडलेले. त्यांच्यावर औषध मारू नका.

मोकळी केलेली जागा उघडी ठेवू नका. पहिल्या पावसाआधी तिथे टाकळ्याचं बी फेका. टाकळा दाटला की गाजरगवताला जागा उरत नाही, आणि कोवळ्या पानांची भाजीही होते.

एकट्याच्या बांधाने भागणार नाही. शेजाऱ्यालाही सोबत घ्या आणि दर पावसाळ्यात गावाने मिळून हे काम करा.