फॉरमॅट मारण्याआधी

नेट बंद पडलं की दोष कॉम्प्युटरचा, हे आमच्याकडे ठरलेलंच. लाइनवाला पोरगा येतो, खिशातला मोबाइल काढून व्हिडिओ लावून दाखवतो आणि म्हणतो, "काका, लाइन ओके आहे. तुमच्या मशीनमध्ये व्हायरस असणार. फॉरमॅट मारा."

मी किन्हवलीत घरूनच जीएसटीची कामं करतो. गिऱ्हाइकं पार सरळगाव-मुरबाडपर्यंत. 20 तारखेच्या आत 3बी रिटर्न गेलं नाही, तर व्यापाऱ्याला दिवसाला 50 रुपये लेट फी आणि बोलणी मला. शेजारच्या मुरबाड तालुक्यातलं धसई 2016च्या 1 डिसेंबरला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. पण कॅशलेस काय नि जीएसटी काय, लाइन धड नसेल तर सगळं कागदावर.

तर मशीन उचललं, शहापूरला नेलं. दुकानदाराने फॉरमॅट मारला, वर लॅन कार्डही बदललं. टॅलीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. डिजिटल सहीचं, प्रिंटरचं, फॉन्टचं सगळं नव्याने बसवावं लागलं. घरी आणल्यावर नेट छान चाललं. मग वळवाचा वारा सुटला, लाइट गेली, परत आली आणि पुन्हा तेच. वायफायची खूण पूर्ण, प्रिंटर 'ऑफलाइन' आणि साइट एकही उघडेना. पोरगा पुन्हा आला आणि पुन्हा तोच व्हिडिओ.

लाइट गेल्यावरच कॉम्प्युटर का रुसतो, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. शेवटी मीच कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं. डिफॉल्ट गेटवे आला 192.168.0.1. फायबरच्या डब्याखालच्या स्टिकरवर तर 192.168.1.1 छापलेलं! मग हा शून्य कोणाचा? मान वर केली. माळ्यावर दुसरा राउटर लुकलुकत होता. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून याच लाइनवाल्या मंडळींनी विकलेला, यांच्याच पोराने बसवलेला. फायबरकडून आलेली वायर त्याने 'वॅन'च्या भोकात न घालता 'लॅन'मध्ये खुपसली होती आणि डीएचसीपी चालूच ठेवलं होतं. म्हणजे घरात पत्ते वाटणारे दोघं. लाइट आली की फायबरचा डबा सावकाश उठतो, हा माळ्यावरचा चटकन. कॉम्प्युटरने पत्ता मागितला की आधी उत्तर द्यायचा हाच, आणि याच्यापुढे रस्ताच नाही. प्रिंटर एकाच्या पत्त्यावर, कॉम्प्युटर दुसऱ्याच्या. ते एकमेकांना दिसणार कसे?

आणि तो व्हिडिओ? पोराचा मोबाइल आमच्या वायफायवर नव्हताच. स्वतःच्या सिमवर चालवून मला लाइन ओके असल्याचं दाखवत होता! लाइनवाल्यांच्या शेठना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "अहो, तुम्ही सेटिंगमध्ये हात कशाला घातलात?"

म्हणून सांगतो. मोबाइलवर तपासायचं तर आधी मोबाइल डेटा बंद करा. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. घरात काही उचकू नका, लाइनवाल्याला बोलवा. दिवे ठीक असतील तर गेटवे बघा. तो स्टिकरशी जुळला नाही, तर घरात दुसरा कोणी पत्ते वाटतोय. आयपी 169.254ने सुरू होत असेल, तर पत्ता देणारं कोणी भेटलंच नाही. वायर नाहीतर राउटर तपासा. गेटवे बरोबर असेल तर त्याला 'पिंग' करा, मग 8.8.8.8ला. पहिल्याचं उत्तर आलं आणि दुसऱ्याचं नाही, तर भानगड बहुधा डब्यापलीकडे. दोन्ही उत्तरं आली आणि साइट तरीही उघडत नसेल, तर डीएनएस बदलून पाहा.

दुसरा राउटर हवाच असेल, तर तो 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. तसा मोड नसेल, तर त्याचं डीएचसीपी बंद करून त्याला 192.168.1.2 असा मोकळा पत्ता द्या आणि वायर 'लॅन'मध्येच ठेवा. मी हेच केलं. त्यानंतर लाइट कितीदा गेली, पण कॉम्प्युटर रुसला नाही.

बाकी नेहमीचं: बॅकअप घ्या, पासवर्ड बदला. वळीव गडगडू लागला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, अ‍ॅडॉप्टर आणि लॅनची तांब्याची वायर दोन्ही काढा. पत्र्याच्या भिंतीपलीकडे वायफाय पोचत नाही, तिथे वायर ओढा.

आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड कागदावर लिहून घेतल्याशिवाय जोडणीचे पैसे देऊ नका. मला तो द्यायला शेठनी महिना घालवला, बिलाचा मेसेज मात्र एक तारखेला हजर.